नऊ शाळांचं पाणी

पाणीपुरवठा खात्यात तिला सगळे गळतीबाई म्हणत. तोंडावरही म्हणत, कारण तिला त्याचं काही वाटत नसे. एकोणीस वर्षं ती पाण्याचे मीटर वाचत हिंडली होती, आणि तेवढ्या काळात तिनं जितक्या गळत्या आणि चोऱ्या पकडल्या तितक्या बाकीच्या सहा जणांनी मिळून पकडल्या नसतील. एका बेकरीवाल्यानं मीटरला लोहचुंबक लावून काटा मंद केला होता. गळतीबाईनं मीटरकडं नीट पाहिलंसुद्धा नाही. ती भट्टीजवळ उभी राहिली, पावाचे ट्रे मोजले, एवढ्या पिठाला किती पाणी लागेल याचा मनाशी अंदाज बांधला आणि म्हणाली, "मालक, पीठ काय थुंकीनं मळता?"

स्वभावच तसा. भाजीवाल्यानं हसून दोन लिंबं वर घातली की ती पिशवी उलटी करून तळाची भाजी बघायची. कुणी फार गोड बोललं की तिचे कान टवकारायचे. लग्न तिनं केलं नव्हतं. विचारायला आलेल्या दोघांची तिनं इतकी चौकशी केली की दोघंही कंटाळून गेले, आणि गेले म्हणून तिला वाटलं की आपला संशय बरोबरच होता.

एकदा मात्र ती सपशेल चुकली होती. वॉल्व्ह उघडझाप करणाऱ्या एका म्हाताऱ्या कामगारावर तिनं पाणी विकल्याचा आळ घेतला. चौकशी झाली, म्हाताऱ्याची बदली झाली, आणि चार महिन्यांनी रस्ता खोदताना फुटलेली जुनी नळी सापडली. ती त्याच्या घरी माफी मागायला गेली तेव्हा त्यानं दार उघडलं, तिला पाहिलं आणि हळूच दार लावून घेतलं. तेव्हापासून संशय यायचा थांबला नाही, पण तो तोंडातून बाहेर काढण्याआधी ती तीनदा तपासून घ्यायला शिकली.

त्या वर्षी दोन गोष्टी एकदम घडल्या. खात्यानं मीटर-वाचकांचे विभाग बदलले आणि तिच्या वाट्याला आलेल्या नव्या विभागात नऊ सरकारी प्राथमिक शाळा होत्या. आणि तिच्या धाकट्या भावाचा कारखाना बंद पडल्यामुळं तो बायको आणि आठ वर्षांच्या मुलीला घेऊन तिच्या दोन खोल्यांत राहायला आला.

मुलीला घरात चिमी म्हणत. चिमी शहाणी होती, पण अभ्यासात तिची गाडी कुठं अडायची ते कुणाला कळत नव्हतं. 'गाडी' सांगितलं की ती 'काडी' लिहायची, 'पाठ' म्हटलं की 'काठ'. आधीच्या शाळेनं प्रगतीपुस्तकावर दोन्ही वर्षं एकच वाक्य लिहिलं होतं, मुलीचं लक्ष नसतं. आता तिला तिसरीत घालायचं होतं आणि शिक्षण कार्यालयाच्या अर्जावर पसंतीच्या तीन शाळा क्रमानं लिहून द्यायच्या होत्या. अर्जासोबत कार्यालयानं छापलेला तक्ता होता. नऊ शाळा, प्रत्येकीची वर्षाच्या सुरुवातीची पटसंख्या, चौथीच्या परीक्षेत किती टक्के मुलं पास झाली तो आकडा, आणि शेवटच्या रकान्यात क्रमांक. पहिल्या क्रमांकावर पाण्याच्या टाकीजवळची शाळा होती, नव्व्याण्णव टक्के. नवव्या क्रमांकावर पुलापलीकडची, अठ्ठेचाळीस टक्के.

भाऊ म्हणाला, "ताई, यात बघायचं काय? पहिली ती पहिली." त्यानं पेनचं टोपणही काढलं होतं.

गळतीबाईनं तक्ता हातात घेऊन उजेडाकडं धरला, जणू कागदातच भेसळ असावी. आपल्या ऑफिसात नोटीस लावली तर शंभरातले पन्नास जण ती वाचत नाहीत, आणि इथं शंभरातली नव्व्याण्णव पोरं धडाधड वाचतात, हे काही तिच्या गळी उतरेना. भावजय मधे पडली. तिचं म्हणणं एवढंच होतं की ताई नाहीतरी महिन्यातून एकदा या सगळ्या शाळांत जातात, तर त्यांनी बघून सांगावं. अर्जाला अजून पाच आठवडे होते. भावानं टोपण परत लावलं, पण चेहरा पाडूनच.

गळतीबाईनं शाळा पाहिल्या त्या आपल्या पद्धतीनं. फळ्यावरचं सुंदर अक्षर आणि भिंतीवरची चित्रं यांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता, ती पाहुण्यांसाठीही काढता येतात. तिनं तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला स्वतःचा तक्ता आखला. महिन्याचं पाणी भागिले मुलं, भागिले शाळेचे दिवस. एका मुलाला दिवसाला पंधरा-सोळा लिटर लागतं, हात धुणं, पिणं, संडास, फरशी पुसणं सगळं धरून. आकडा फार खाली आला तरी काहीतरी चुकतंय आणि फार वर गेला तरी.

चौथ्या क्रमांकाच्या शाळेत तो तीन लिटर निघाला. मागं जाऊन पाहिलं तर मुलींच्या संडासाला कुलूप. मुली पाणी वाया घालवतात, असं शिपाई म्हणाला. तिनं नावापुढं 'कुलूप' एवढंच लिहिलं. सहाव्या शाळेत आकडा चाळीसवर गेला, कारण पुढं हिरवळ होती आणि त्या हिरवळीवर पाय ठेवायची एकाही मुलाला परवानगी नव्हती. दुसऱ्या क्रमांकाची शाळा ठीक वाटली, म्हणून तिनं तिच्यापुढं प्रश्नचिन्ह काढलं.

टाकीजवळच्या शाळेत ती सकाळी दहाला पोचली. फरशी अशी की चेहरा दिसावा. मुख्याध्यापक स्वतः बाहेर आले, कडक इस्त्रीचा शर्ट, अत्तराचा वास. त्यांनी तिला ताई म्हटलं, चहा मागवला आणि मीटरच्या खड्ड्याचं झाकणसुद्धा आपल्या हातानं उचललं. एकोणीस वर्षांत तिच्यासाठी झाकण कुणी उचललं नव्हतं. तिला लगेच वाटलं, कुठंतरी पाणी मुरतंय. मीटर मात्र ठणठणीत होता. गेल्या महिन्याचा वापर सत्त्याण्णव युनिट. एक युनिट म्हणजे हजार लिटर. तीनशे मुलांच्या शाळेला थोडं कमीच, पण आरडाओरडा करावा इतकं नाही.

परत जाताना चौथीच्या वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात तिला बाकं दिसली, एकावर एक रचलेली. तिनं सवयीनं मोजली. सोळा.

"रंगवायला काढलीत," मुख्याध्यापक म्हणाले.

तिनं श्वास घेतला. रंगाचा वास कुठंच नव्हता, अत्तराचा तेवढा होता. खिडकीतून वर्गात पाहिलं तर मुलं ऐसपैस बसलेली, मधे मोकळी जागा. तिनं सोळाचा आकडा तक्त्यामागं लिहून ठेवला. चहा मात्र तिनं घेतला नाही.

पुलापलीकडची शाळा म्हणजे चार खोल्या, एक व्हरांडा आणि मागं एक धोबीखाना. तिथला मीटर अडतीस युनिट दाखवत होता. तक्त्यात पटसंख्या होती चौऱ्याहत्तर. चौऱ्याहत्तर मुलांना सत्तावीस युनिट पुरे. वरची अकरा गेली कुठं?

ती त्या दिवशी ऑफिसात परतली ती थेट कपाटाकडं. जुन्या वाचनाच्या वह्या तिनं टेबलावर काढल्या आणि सहा वर्षं मागं गेली. दर वर्षी तेच. चौथीच्या परीक्षेआधी दोन महिने पुलापलीकडच्या शाळेचं पाणी अकरा-बारा युनिटांनी चढायचं आणि परीक्षा झाली की खाली यायचं. आधीच्या वाचकानं शेजारी लिहून ठेवलं होतं, उन्हाळा. पण उन्हाळा काय एकाच शाळेत येतो? तिनं बाकीच्या आठ शाळा पाहिल्या. सात जणी जागच्या जागी. टाकीजवळच्या शाळेचं पाणी मात्र नेमक्या त्याच दोन महिन्यांत तेवढंच उतरत होतं.

तरी तिचा पहिला संशय गेला तो धोबीखान्यावर. पुलापलीकडच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, शाळेचं पाणी मागं विकत असणार, असं तिनं जवळजवळ ठरवूनच टाकलं. दोन दिवसांनी ती गळती तपासायच्या निमित्तानं तिथं गेली. मोठ्या बाई पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, आवाज खणखणीत. त्यांनी तिला ना चहा विचारला ना बसायला सांगितलं. गळती असेल तर शोधा आणि वर्गात आवाज करू नका, एवढं म्हणून त्या आत गेल्या. गळतीबाईनं भिंतीलगत सगळी नळी तपासली. धोबीखान्याचा मीटर वेगळा, सील शाबूत, वापर जिथल्या तिथं. शाळेतून एक थेंब बाहेर जात नव्हता. पाणी शाळेतच संपत होतं.

म्हणजे पिणारी तोंडं जास्त होती.

व्हरांड्यात एक वर्ग भरला होता. मुलं सतरंजीवर बसली होती, चौथीची वाटत होती. सगळ्यांचे शर्ट निळे, पण यांतल्या बऱ्याच जणांच्या खिशावर चौकोनी जागा जरा जास्त निळी दिसत होती, आणि कडेनं सुईची बारीक भोकं. तिथला बिल्ला उसवून काढला होता. मधल्या सुट्टीत ती नळाजवळ उभी राहिली. एक मुलगी ओंजळीनं पाणी पीत होती. तिला तिनं सहज विचारलं, बाळ, तू कुठल्या शाळेतली?

"टाकीजवळच्या," मुलगी म्हणाली, मग चुकल्यासारखी इकडंतिकडं पाहत म्हणाली, "पण आत्ता इथली. आम्हाला जादा वर्गाला पाठवलंय. परीक्षा झाली की परत."

किती जण आलात, असं विचारल्यावर तिनं आधी तीन बोटं दाखवली आणि मग एक. एकतीस. दोघादोघांच्या बाकावर बसवली तर सोळा बाकं.

गळतीबाईला खरं तर आनंद व्हायला हवा होता. चोर सापडला की तिच्या अंगात दहा हत्तींचं बळ यायचं. पण या वेळी ती नळ बंद करून नुसतीच उभी राहिली. नळ घट्ट बंद झालाय ना हे तिनं दोनदा पाहिलं.

शाळा सुटल्यावर ती मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. खोली म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि छतापर्यंत वह्या. तिनं आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं, युनिटं, बाकं, खिशांवरची भोकं. मोठ्या बाईंनी ते सगळं शांतपणे ऐकलं आणि मग उठून दार लोटून घेतलं.

"सहा वर्षांत कुणाला कळलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि तुम्हाला पाण्यावरून कळलं."

त्यांनी जे सांगितलं ते असं. टाकीजवळची शाळा परीक्षेच्या आधी चौथीतली कच्ची मुलं निवडते. त्यांच्या आईबापांना 'जादा मार्गदर्शन वर्ग' असं शीर्षक असलेला कागद सहीसाठी देते. कागदात खाली बारीक अक्षरांत शाळा बदलत असल्याचं लिहिलेलं असतं, ते कुणी वाचत नाही. मुलांची नावं इकडच्या पटावर येतात, त्यांचे गुण इकडच्या नावावर लागतात, आणि परीक्षा झाली की बहुतेक मुलं गुपचूप परत जातात. ती शाळा पहिली येते, ही नववी.

"आणि तुम्ही घेता?" गळतीबाई म्हणाली. "का?"

मोठ्या बाईंनी समोरची हजेरीची वही मिटली. मग म्हणाल्या, "पटाची मोजणी त्याच दोन महिन्यांत होते. शंभराच्या खाली पट गेला की शाळा बंद. माझी स्वतःची चौऱ्याहत्तर मुलं. ती एकतीस आली की एकशे पाच होतात. त्यांना गुण हवेत, मला डोकी हवीत. घ्या, आता काय लिहायचं ते लिहा."

गळतीबाईच्या डोक्यात विचारांचा गुंता झाला. समोरची बाई साधी फसवली गेलेली असती तर बरं झालं असतं. पण ही तर व्यवहारात निम्म्यानं सामील. वर तिच्या आवाजात अपराधीपणाचा मागमूस नाही, म्हणजे ही आणखी काहीतरी लपवत असणार. दोन महिने ती पोरं इथं नुसती कोंडवाड्यासारखी बसवून ठेवत असेल. तिनं तसं बोलूनही दाखवलं.

मोठ्या बाईंचे ओठ घट्ट मिटले. "उद्या येऊन मागं बसा," त्या म्हणाल्या. "तुम्ही गळती शोधता ना? मुलानं शाळा सोडली की आमच्या खात्यातही त्याला गळतीच म्हणतात. माझ्याकडं दोन महिने राहून गेलेल्यांपैकी किती गळाली ते तुम्हीच तपासा. वह्या इथंच आहेत."

ती दुसऱ्या दिवशी आली, आधी वह्या तपासल्या, त्यांत शाळा सोडलेली दोनच नावं सापडली, आणि मग तासभर मागं बसली. मोठ्या बाई व्हरांड्यातल्या मुलांना वाचन शिकवत होत्या, फार हळू, एकेकाजवळ जाऊन, एकाच ओळीवर दहा मिनिटं. चांगलं होतं. पण हे माझ्यासाठी चाललं नसेल कशावरून, असं तिला वाटलं, म्हणून चार दिवसांनी ती न सांगता धोबीखान्याच्या बाजूनं आली आणि वाळत घातलेल्या चादरीआडून पाहत राहिली. तेच चाललं होतं. तोच आवाज, तीच दहा मिनिटं. धोबी मात्र तिच्याकडं संशयानं पाहायला लागला, तेव्हा ती निघाली.

घरी तिनं हे भावाला आणि भावजयीला सांगितलं. भावाला ते पटलं नाही. ताईला सगळीकडं चोरच दिसतात, उद्या ही चिमीच्या दुधातही मीटर बसवेल, असं तो म्हणाला. त्यानं दुसऱ्याच दिवशी नव्यानं लागलेल्या कामावरून सुट्टी घेतली आणि चिमीला, भावजयीला घेऊन टाकीजवळची शाळा गाठली. मुख्याध्यापकांनी चिमीकडून चार ओळी वाचून घेतल्या, सहा शब्द लिहून घेतले. कागदाकडं पाहून ते गोड हसले. मुलगी चुणचुणीत आहे, म्हणाले, जागाही मिळेल. फक्त तिला जरा जादा लक्ष लागेल, पण काळजी नको, चौथीत परीक्षेआधी दोन महिने अशा मुलांची आम्ही वेगळी सोय करतो.

भाऊ घरी आला. जेवताना एवढंच म्हणाला, "अत्तर फार लावतो तो माणूस."

भावजयीनं मग पुलापलीकडं जायचं ठरवलं. गळतीबाई बरोबर गेली, पण हात राखूनच. मोठ्या बाईंनी चिमीला काही वाचायला लावलं नाही. तिला खिडकीकडं तोंड करून बसवलं, आणि तिच्या डाव्या बाजूला उभं राहून हळू आवाजात विचारलं, तुला काय आवडतं? चिमी म्हणाली, चित्रं. मग त्या उजव्या बाजूला गेल्या आणि तेवढ्याच आवाजात विचारलं, कसली चित्रं? चिमी खिडकीबाहेर पाहत राहिली. बाईंनी पुन्हा विचारलं. चिमीनं पाय हलवले, बाकावर बोटानं रेघ ओढली. तिला कुणी काही विचारलंय हेच तिच्या गावी नव्हतं.

"उजव्या कानानं हिला फार कमी ऐकू येतं," मोठ्या बाई म्हणाल्या. "डॉक्टरला दाखवा. 'गाडी' आणि 'काडी' तिला एकच वाटत असेल."

भावजयीनं चिमीला जवळ घेतलं. दोन महिने ती मुलगी गळतीबाईच्या घरात होती, रोज रात्री तिच्या शेजारी झोपत होती. हाक मारली की दोनदा मारावी लागते म्हणून तिनं चिमीवर आळशीपणाचा संशय घेतला होता. हट्टीपणाचासुद्धा. कानाचा घ्यायचा तेवढा राहून गेला होता. डॉक्टरांनी आठवड्याभरात तपासून तेच सांगितलं.

भावानं अर्ज स्वतःच्या हातानं भरला. पहिल्या पसंतीला पुलापलीकडची शाळा लिहिली, आणि लिहिताना ताईकडं पाहिलं नाही.

पण गळतीबाईचा खरा पेच पुढंच होता. तिच्या खात्याचा एक नियम होता. शाळांना पाणी वर्षाच्या सुरुवातीच्या पटसंख्येप्रमाणं ठरवून मिळे, आणि वापर पटाशी जुळत नसेल तर वाचकानं शेऱ्याच्या रकान्यात तसं लिहायचं, मग ते आपोआप शिक्षण कार्यालयाकडं जायचं. आधीच्या वाचकानं सहा वर्षं तिथं उन्हाळा लिहून वेळ मारून नेली होती. तिच्या साहेबांचंही मत तसंच पडलं. पाणी चोरीला गेलेलं नाही, पैसे बुडालेले नाहीत, मग आपण कशाला नसती उठाठेव करायची, असं ते म्हणाले. पाण्यात राहून माशाशी वैर नको.

ती दोन दिवस वही उघडी ठेवून बसली. तिला तो वॉल्व्हवाला म्हातारा आठवत होता, त्याचं हळूच लागलेलं दार. या वेळी पुरावा पक्का होता, पण पक्क्या पुराव्यानंही दार कुणाचं लागणार ते तिला दिसत होतं. शेवटी ती मोठ्या बाईंना आधी सांगायला गेली.

मोठ्या बाई तिच्यावर पहिल्यांदाच चिडल्या. "तुमच्या एका ओळीनं शाळा बंद होईल. मग ही पोरं कुठं बसवू, तुमच्या पंपघरात? तुमची भाचीसुद्धा यातच आहे आता."

"म्हणूनच," गळतीबाई म्हणाली. "दोन वर्षांनी ती चौथीत असेल. तेव्हा तिचे गुण कुणीतरी दुसऱ्या शाळेच्या नावावर ढकलावेत किंवा दुसऱ्यांच्या मुलांच्या गुणांखाली तिची शाळा गाडली जावी, मला दोन्ही नको."

"मग लिहा. मला विचारायला कशाला आलात?"

तिनं लिहिलं. दोन्ही शाळांपुढं एकच ओळ, पट व वापर जुळत नाही, प्रत्यक्ष मोजणी व्हावी. साहेबांनी वहीवर सही करताना तिच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की जणू तिनं त्यांच्याच घरचा नळ तोडलाय.

चौकशीला तिघं जण आले. मुलं मोजली, कागद मागवले, आईबापांना बोलावलं. मुलांची शाळा बदलली होती हे बहुतेकांना तिथंच कळलं. एक बाप तर सही आपली नाही म्हणून भांडला, मग आपलीच आहे हे ओळखून खाली बसला. टाकीजवळच्या मुख्याध्यापकांना शिक्षा अशी काही झाली नाही. त्यांची दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली, आणि गळतीबाईला खात्री होती की तिथलीही एखादी शाळा लवकरच पहिली येणार. मोठ्या बाईंना लेखी ताकीद मिळाली, दोन वर्षं पगारवाढ बंद. एकतीस मुलांच्या आईबापांना पहिल्यांदाच लेखी विचारलं गेलं, पाचवीला कुठं ठेवायचं. नऊ जणांनी परत नेलं. बावीस इथंच राहिली. पट झाला शहाण्णव. चार कमी.

कार्यालयानं शाळेला एका वर्षाची मुदत दिली. ते वर्ष मोठ्या बाई गळतीबाईशी एक अक्षर बोलल्या नाहीत. चिमीला आणायला ती फाटकाशी उभी राहायची आणि बाई तिच्या अंगावरून निघून जायच्या. चिमीला मात्र त्यांनी पहिल्या ओळीत उजव्या टोकाला बसवलं होतं, म्हणजे डावा कान वर्गाकडं राहील. कानातलं यंत्र आलं तेव्हा चिमी दोन दिवस घरातला फक्त पंखा ऐकत बसली होती. ती हळूहळू वाचायला लागली. भराभर नाही, पण 'गाडी'ची गाडीच राहू लागली.

पुढच्या वर्षीच्या तक्त्यात कार्यालयानं एक रकाना वाढवला, वर्षाच्या मधे आलेली मुलं. टाकीजवळची शाळा पाचवी आली, पुलापलीकडची सातवी. सातवी म्हणजे काही फार नाही. पण आपली मुलं स्वतः येऊन दाखल करणारे आईबाप त्या वर्षी तिथं दिसले, आणि पट एकशे तीनवर गेला. गळतीबाईनं तो आकडा खरा की खोटा हे त्याच महिन्यात मीटरवर तपासून घेतलं. खरा होता.

त्या सुमारास एका दुपारी मोठ्या बाई फाटकापाशी तिच्यासमोर थांबल्या. इकडची तिकडची वाक्यं त्यांना येत नसावीत. "शनिवारी मोकळ्या असता का?" एवढं त्यांनी विचारलं.

प्रवेशाच्या दिवसांत आईबाप कागद घेऊन येत, वेगवेगळ्या शाळांचे, वेगवेगळ्या अटींचे. पुष्कळांना वाचायला जमत नसे, ज्यांना जमे ते वाचत नसत. मोठ्या बाईंना असं कुणीतरी हवं होतं जे प्रत्येक ओळीवर संशय घेईल. गळतीबाईनं आधी विचारलं की यात तुमचा फायदा काय. बाई म्हणाल्या, काही नाही. तिनं ते मानलं नाही, पण शनिवारी ती गेली.

व्हरांड्यात तिला एक टेबल दिलं होतं. ती चष्मा लावून कागद घ्यायची, वरची मोठी अक्षरं सोडून द्यायची आणि खालच्या बारीक ओळीपासून वाचायला सुरुवात करायची, मोठ्यानं, एकेक शब्द. एक तरुण बाप मुलाचं बोट धरून आला. त्याच्या हातात नवा तक्ता होता, घडी घालून मऊ झालेला. त्यानं तो टेबलावर पसरला आणि विचारलं, मावशी, तुम्ही सगळ्या शाळा बघितल्यात म्हणे, यातली चांगली कोणती?

तिनं तक्त्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं, मग पोराकडं.

"मी सांगितलं म्हणून घालू नकोस," ती म्हणाली. "मला तरी तू कुठं ओळखतोस? स्वतः जा, मागं तासभर बस. आणि आठवड्यानं पुन्हा जा, न सांगता."